घट

साहेब पुण्यात कुणाच्या तरी पार्टीला जाऊन आले
आणि सोमवारी माझ्या टेबलावर चिठ्ठी:
शनिवारी रेसची थीम. स्टाफ, गिऱ्हाइकं मिळून साठ माणसं.
घोडे सोडून सगळं बघ.

मी सांगलीत हळदीच्या पेढीवर जमाखर्च लिहिते.
घोडा मला ठाऊक तो पटावरचा, अडीच घरांचा.
तरी विश्रामबागेतला हॉल ठरवला,
भडंगाला ‘डर्बी मिक्स’ अशी पाटी लावली,
आणि टोप्या आणायला गावभागात
नाटकांचे कपडे भाड्याने देणाऱ्या आपट्यांकडे गेले.
विलायती हॅट दोनच निघाल्या.
बाकी सगळ्या इन्स्पेक्टरच्या.
म्हणून आमची रेस बंदोबस्तात झाली.

पैसे लावायचे नाहीत, वहिनींनी बजावलेलं.
मग प्रत्येकाला दहा दहा हळकुंडं,
राजापुरी, पॉलिश केलेली, एकूण सहाशे.
सहा घोडे पुठ्ठ्याचे. नावं मी ठेवली:
सेलम, राजापुरी, वायदा, तेजी, आडत,
आणि सहावं सुचेना तेव्हा, उधारी.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाय रंगवत होते
तर दस्तगीर चहा ठेवून तिथंच उभा.
“मॅडम, ह्यो पळत न्हाई. ह्यो बसाय लागलाय.”
मी ब्रश पुढं केला.
त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या,
सहाही घोड्यांचे पाय पुसले
आणि पुन्हा काढले, चारी जमिनीच्या वर.
म्हणाला, एवढंच असतंय बगा, डोळ्याचं पातं लवतंय तेवढं,
तवा घोडं कुणाचंच नसतंय.

त्याच्या वडलांचा टांगा होता, स्टेशन ते गणपती पेठ.
घोडीचं नाव लाडू.
रिक्षा वाढल्या, तसं लाडूचं काय झालं
हे मी विचारलं, आणि त्यानं
कपबशी उचलली.

शनिवारी फासा टाकायचा मान इरोडच्या पार्टीला,
सेल्वराज शेठ, विलायती हॅट घालून.
पोत्यांचा पट्टा दारापासून स्टेजपर्यंत अंथरलेला,
आणि फाशात पडेल तितकी घरं
घोडे सरकवायला दस्तगीर, गुडघ्यांवर.
शेठनी सगळी हळकुंडं सेलमवर लावली,
गावचा माल म्हणून.
साहेब तेजीवर. वसुलीचा भूपाल मगदूम
थोडं थोडं सगळ्यांवर, स्वभावाप्रमाणे.
उधारीवर कुणी नाही.
मी फळ्यावर तिचा भाव लिहिला, एकास चाळीस,
तेव्हा हॉल हसला.

चौथ्या फेरीपर्यंत तेजी पुढं.
मग फासा उधारीच्या बाजूनं पडू लागला, सहा, पाच, सहा,
आणि दस्तगीरनं, नकळत असेल,
जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.
टक्. टक् टक्.
साठ माणसं गप्प झाली.
बाहेर कुणाचा तरी ड्रायव्हर
गाडीतून उतरून दारात आला.
आठवड्याचे भाव, थकलेली बिलं, एसीचा गोंगाट,
सगळं त्या आवाजामागं पडलं
आणि पुठ्ठ्याची ती घोडी
चारी पाय वर घेऊन
स्टेजला जाऊन धडकली.

टाळ्या उशिरा वाजल्या.
साहेब माइकवर म्हणाले, उधारीच जिंकते शेवटी, काय शेठ?
सेल्वराज शेठना कुणीतरी हिंदीत समजावलं.
ते हॅट काढून हसले. मग जेवणं झाली.
दस्तगीर पट्टा गुंडाळत होता.
गुडघ्यांना ताग चिकटलेला.

सोमवारी हळकुंडं मोजून परत पोत्यात घातली.
पाचशे नव्व्याण्णव.
पुन्हा मोजली.
हळद वाळताना घटते, वाहताना घटते,
त्याला आमच्याकडं रकाना आहे. त्यात लिहिलं: घट, एक नग.

मग दस्तगीर चहा घेऊन आला.
तोच शनिवारचा पांढरा शर्ट, धुतलेला,
आणि खिशाच्या तळाशी
न गेलेला पिवळा डाग, बोटभर लांब.

स्टाफ म्हणून मोजताना त्याला मी धरलं नव्हतं.
भाव तर माझ्याच हातचा, एकास चाळीस.
पेन उघडं ठेवून बसले आहे.
चहावर साय धरली.