न उच्चारलेलं अक्षर

सकाळी इन्स्टॉलरने हिरवी खूण दाखवली,
‘यशस्वी’ म्हणाला आणि निघून गेला,
किल्ली कुठे ठेवली ते न सांगणाऱ्या पाहुण्यासारखा.

दुपारी एकपर्यंत क्लाकस्वीकच्या खाडीत
सात नंबरच्या जाळ्यातले वीस मासे मोजून झाले.
बाहीत पाणी, कागदावर पेन्सिलीने
दोन, शून्य, एक, चार, शून्य:
सामनच्या अंगावरच्या उवा.
तीनच्या आत आकडे वर पोचायला हवेत.
प्रोग्राम म्हणतो, फोल्डर सापडत नाही.

कुठलं फोल्डर, बाबा?
समोर तर आहे. मला दिसतंय.
यालग्रिम धक्क्यावरून ओरडतो, झालं का सुन्निवा?
मी हात हलवते. त्याचा अर्थ
त्याला हवा तो त्याने घ्यावा.

मशीनला म्हटलं, तुला काय काय सांगून ठेवलंय
ते तरी दाखव.
यादी उलगडली. नाव, बरोबरचं चिन्ह, पत्ता.
नाव, बरोबरचं चिन्ह, पत्ता.
काढून टाकलेल्या प्रिंटरचा पत्ता,
बुडालेल्या कंपनीचा पत्ता,
आणि अकराव्या ओळीत ‘लूस’चं घर:
सी, तिरपी रेघ, युझर्स, तिरपी रेघ, एय,
मग एक प्रश्नचिन्ह,
मग उन.

एयुन.
त्याच्या नावात मधोमध एक अक्षर आहे,
डोक्यावर छोटी आडवी रेघ असलेलं.
ते आम्ही लिहितो, उच्चारत नाही.
एयुन तीन वर्षांपूर्वी बर्गनला गेला;
खणात त्याचा एक लोकरी मोजा आहे, एकच,
आणि मशीन अजून त्याच्याच नावाने उघडतं.
पासवर्ड त्याच्या कुत्र्याचं नाव.
बदलू बदलू म्हणत राहून गेलं.

इन्स्टॉलर पडला सांगकाम्या.
ते मुकं अक्षर त्याला वाचता आलं नाही,
तर त्याने तिथे प्रश्न विचारला
आणि उत्तराची वाट न पाहता
हिरवी खूण केली.

मी नवं घर दिलं: सी, तिरपी रेघ, लूस.
कोणाचंच नाव नसलेलं.
जतन केलं. चालवलं.
येरे माझ्या मागल्या.
फोल्डर सापडत नाही.
पुन्हा पाहिलं. अवतरणचिन्ह नाही, शेवटी मोकळी जागा नाही,
नाव मोठ्या अक्षरांत, जसं हवं तसं.
पुन्हा. तेच.
दोन वाजून सव्वीस.

फोन लावला.
पलीकडे वारा, बोटीचं इंजिन, आणि तो:
‘काळी खिडकी बंद केलीस?’
‘कशाला? सकाळपासून उघडीच आहे.’
‘म्हणून.
ती जन्मली तेव्हा जे होतं तेवढंच तिला ठाऊक.
नंतर जगात काय बदललं
ते उघड्या खिडकीला कोणी कळवत नाही.
मिटव. नवी उघड.’

मिटवली. नवी उघडली.
तिला सगळं माहीत होतं.
दोन, शून्य, एक, चार, शून्य,
दोन एक्कावन्नला आकडे गेले.
यालग्रिमला अंगठा दाखवला. तो केव्हाच
दोऱ्या गुंडाळायला लागला होता.

मग बसल्या बसल्या पाथ उघडला.
लांबलचक ओळ, अर्धविरामांनी शिवलेली.
सर्वांत पुढे एयुनचं जुनं फोल्डर:
मशीन काहीही शोधायला निघालं
की आधी त्याचं दार ठोठावतं,
आणि जे पहिलं सापडेल तेच खरं मानतं.
पुसून टाकणार होते.
पण रात्री दोनला काहीतरी चालतं,
पाण्याचं तापमान कुठेतरी लिहून ठेवतं,
ते कुठून येतं आम्हा कोणाला माहीत नाही.

ओळीच्या अगदी शेवटी नेऊन ठेवलं.
सगळी दारं ठोठावून झाल्यावर
उरलंच काही, तर तिथे विचारावं.

फोन अजून चालूच होता.
‘मोजा सापडला का?’ एयुन म्हणाला.
म्हटलं, कुठला?