कंबरेएवढी जमीन

बावीस वर्षं तू जमिनीच्या पोटात होतास, मोतलात्सी.
परत आलास तेव्हा तुला वाकता येत नव्हतं.
गुडघे खाणीत राहिले, म्हणालास, आणि छाती अर्धी.
पैशांचे कागद येतील म्हणालास.
अजून येताहेत.

मग एका ऑगस्टात तू दोरी घेतलीस,
अंगणात काठी रोवलीस, तिच्याभोवती गोल आखलास,
आणि एका बाजूनं चीर सोडलीस
माणूस आत शिरेल एवढी.
वर मेंढ्या घेऊन जाणारी पोरं म्हणतात,
डोंगरावरून ते कुलपाच्या भोकासारखं दिसतं.
मला खालून नुसता दगडांचा पसारा दिसत होता
आणि माझं झाडलेलं अंगण गेलेलं.

गाढव मालिखाफाचं, दगड ओढ्यातले.
प्रत्येक दगड तू आधी बोटाच्या पेरानं वाजवलास,
कान लावून ऐकलास.
कुठला धरून राहील, कुठला दगा देईल.
खाली छप्पर असंच वाजवायचो, म्हणालास.
बावीस वर्षांतलं मला सांगितलंस
ते एवढंच.

तळाला काय काय घातलंस!
गंजके डबे, फुटकं मडकं, मेंढीची हाडं,
गेल्या छपराचं कुजलेलं गवत,
चुलीची राख, शेण, पुन्हा राख.
मधोमध काटक्यांची उभी टोपली,
तिच्यात माझ्या स्वयंपाकघरानं रोज काहीतरी टाकायचं:
साली, चहाचा चोथा, भांड्यांचं पाणी.
तुझा जेवणाचा डबा, झाकणावर नंबर कोरलेला,
तोही तळाशी ठेवताना मी पाहिला.
तू पाहिलं नाहीस मी पाहिलं ते.

वर माती आली, एकेक घमेलं, कंबरेपर्यंत.
तू चिरेत उभा राहिलास, कोपरं टेकलीस,
दोन्ही हात मनगटापर्यंत आत खुपसलेस
आणि बराच वेळ तसाच.
मी म्हटलं, काही हरवलं का?
म्हणालास,
खाली माती नसते, बाई.
दगड असतो नुसता.
एवढी वर्षं जमिनीत होतो,
मातीला हात लागला नाही.

बीट उगवलं. कांदा रुसला, मग तोही आला.
चार्डची पानं एवढी झाली
की मालिखाफा गाढवाचं भाडं पानांत मागू लागली.
गाजराचं मात्र कातलेहोला राहवेना.
वाढली का ते बघायला रोज एक उपटायचा,
उंदराच्या शेपटीएवढं,
आणि गुपचूप परत खोचायचा.
तू त्या सुकल्या ओळीपाशी उभा राहून
खोटं खोटं डोकं खाजवायचास.
किडा मोठा आहे या वर्षी, म्हणायचास.
किडा दाराआड हसायचा.

मे महिन्यात हिव पडलं.
मध्यरात्री मला गार लागलं, हात फिरवला:
तू नाहीस, पांघरूणही नाही.
बाहेर चांदणं टणक झालेलं
आणि तू लग्नातलं ब्लँकेट
पालेभाजीवर पसरत होतास,
कडा दगडांखाली दाबत,
पोराला झाकावं तसं.
मी भांडले. का भांडू नये?
त्या ब्लँकेटला माझ्या बापानं दोन मेंढ्या मोजल्या होत्या.
तू म्हणालास, हळू बोल, खोकला येतो.

उरलेलं पांघरूण एकाच माणसाचं होतं.
इतक्या वर्षांत आपण पाठीला पाठ लावून झोपायचो,
ते त्या रात्री जमेना,
कुणाची तरी पाठ उघडी पडायची.

सकाळी ब्लँकेट पत्र्यासारखं ताठ,
उचललं तर कडकन वाजलं.
खाली पानं हिरवी होती, दोन सोडून.
ती दोन मी पॅपबरोबर शिजवली.
ब्लँकेट भिंतीवर टाकलं, दुपारपर्यंत ठिबकत राहिलं.
त्याला अजून शेणाचा वास येतो.
आज रात्रीही आभाळ निरभ्र आहे.
मी काही बोललेले नाही.
कडा दाबायचे दगड
दाराशी आणून ठेवलेत.