ओरखडा

पिंपळखुट्याच्या मंगळवारी बाजारात
मिरच्यांच्या ओळी संपतात तिथे
मोठबाबाचं सोड्याचं यंत्र:
लोखंडी पिंजरा, त्यात दोन बाटल्या,
आणि हँडलला लटकलेली मी, इयत्ता सहावी.

बाटल्या उलट्या. हिरवी गोळी घरंगळून नरड्याशी.
नागपूरहून एसटीच्या टपावर आलेल्या सिलिंडरमधून
वायू फुसफुसत आत शिरायचा,
वीस फेरे, पंचवीस,
मग बाटली सुलटी केली तरी गोळी पडायची नाही.
"बूच कोनं लावलं?" मी विचारायची.
"कोनीच नाही. आतल्यानंच कडी घातली."

मे महिना. सेहेचाळीस.
भुशात पुरलेली बर्फाची लादी, वर ओलं पोतं.
"पानी थंडं असलं त ग्यास गुमान बसते.
गरमावलं का उठला अन् चालला."
एकदा सावली सरकली, कुणाच्या लक्षात नाही,
क्रेटमधली एक बाटली फुटली
आणि काचेचा एवढासा कण
त्याच्या डाव्या भुवईत कायमचा राहिला.
ऊन चढलं की खाजवायचा.

दहावीत निंबेकर सरांनी
चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायला लावलं.
निवळी दुधाळ.
मी घरून सोडा नेला, त्याचा वायू सोडला,
तीही दुधाळ.
संध्याकाळी सांगितलं तर
बराच वेळ तो बाटल्याच विसळत राहिला.
"म्हंजे तीस वर्सं मी लोकायले
त्यायचाच श्वास इकून राह्यलो?"
मग स्वतःशीच,
"पन वापस करतेत बाप्पा. ढेकर देऊन."

ज्या वर्षी यवतमाळहून नवे ग्लास आणले,
डझनभर, गुळगुळीत,
त्या मंगळवारी गिऱ्हाईकं कुरकुरली.
सोडा तोच, बर्फ तोच, जिभेला चावाही तोच,
पण ग्लासात पाणी नुसतं उभं,
बुडबुडेच दिसेनात.
शालिक कासार "मेलेला सोडा" म्हणून
पैसे न देताच गेला.
मोठबाबानं ग्लास उन्हात धरून फिरवला.
"याच्यावर कायी झालंच नाही अजून."

जुने ग्लास वीस वर्षं राखेनं घासलेले,
बुडाला चरेच चरे.
वायूला सुटायला खरचटलेली जागा लागते
हे पुस्तकात मला फार नंतर सापडलं.
त्यानं त्याच रात्री चुलीतली राख ओढली,
मूठभर वाळू टाकली,
आणि बाराही ग्लास घासायला बसला.

यंत्र भंगारात गेलं, अठ्ठावीस रुपये किलोनं.
गोळ्या पोरांनी नेल्या.
एक ग्लास माझ्याकडे आहे.
त्यात कुठलाही सोडा ओता, प्लास्टिकच्या बाटलीतला का असेना,
डाव्या अंगाला, बुडापासून बोटभर वर
एक बारीक माळ सुटते,
दर वेळी त्याच ठिकाणाहून, सरळ.
तिथे नख फिरवून पाहते.
काहीच लागत नाही.