एकोणचाळीस गोळे

अंगाला चिकटवायचे गोळे एकोणचाळीस.
राखाडी, बोराएवढे, उजेड पडला की चमकणारे.
घोटा, गुडघा, खुबा, मानेचा सातवा मणका.
आधी बोटांनी हाड चाचपायचं, मग गोळा.
टाचेचे दोन बुटांवर. बूट ज्याचे त्याचे, हिवाळी;
तो आमच्या विभागाचा नियम.
ओइवा टिलिक्का, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणतो,
"तुझी बोटं गार आहेत, साइला."
युवास्कुलात डिसेंबर आहे. सगळ्यांचीच गार.

दिवे मंदावतात. पडद्यावरून
माणूस जातो, ठिपके उरतात.
चेहरा नाही, वय नाही,
मागच्या हिवाळ्यात पत्रपेटीपाशी मोडलेला खुबाही नाही.
तरी ठिपके चालू लागले की कुणीही सांगेल, माणूस आहे.
आणि मी सांगेन
की उजव्या पायावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

माझं काम बटणाचं.
तो ट्रेडमिलवर चालत असतो,
काखेतून घेतलेले पट्टे वर छताच्या रुळाला अडकवलेले,
आणि एका पावलाला
(कुठल्या, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं, त्याला ठाऊक नाही)
मी अंगठा दाबते
आणि त्याच्या पायाखालची जमीन ओढून घेते.
लोक हे नुसतं बोलायला म्हणतात.
माझ्याकडे जमीन किती वेगाने सरकली त्याचा आकडा असतो.

पहिल्यांदा तो लटकला. दुसऱ्यांदाही.
"जाळ्यातला मासा," म्हणाला, पाय हवेत.
तिसऱ्यांदा त्याने आमच्या विद्यापीठाला शिवी दिली.
मी नोंदवहीत लिहिलं: शाब्दिक प्रतिसाद, एक.

शिकवत आम्ही काहीच नाही.
डोळा मिटायलाही पुरत नाही एवढ्या वेळात
काय शिकवणार?
पाय ठरवतो, आणि डोक्याला मागाहून कळवतो.

नवव्या घसरणीला
डावा पाय आपणहून मागे गेला, रोवला,
हात पंखांसारखे उघडले, मिटले.
दोर सैलच राहिला.
हरवलेलं कुत्रं अचानक दारात दिसावं
तसा तो आपल्या पायाकडे बघत राहिला.

गोळे काढताना गोंदाबरोबर केस निघतात.
तो न कळवळता बोलू लागला.
"सोळाव्या वर्षी मी ओंडक्यांवर चालायचो.
नदीभर ओंडके, थेट गिरणीपर्यंत.
पायाकडे बघायचं नसतं. पुढच्या ओंडक्याकडे बघायचं.
वेइक्को पायाकडे बघायचा."
पुढे बराच वेळ काही नाही.
"ओंडके लगेच जुळतात गं. दार लावल्यासारखे."

मला बोलायला सुचेना.
माझ्या वहीत यासाठी रकाना नव्हता.
तो कोट चढवून गेला. मी डबी मोजली. अडतीस.
पुन्हा मोजली.

इथे बर्फ पडतो, अंधार तीनलाच पडतो,
आणि मला प्रश्न पडतो तो
बहुतेक प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर:
जे आम्ही इथे मोजतो
ते बाहेर, छत नसलेल्या जागी, किती दिवस टिकतं?

खिडकीखालून एक गाडी वळली,
तिच्या दिव्यांच्या झोतात, बसथांब्याच्या वाटेवर,
जमिनीलगत एक ठिपका लखलखला.
टाचेवरचा. उजव्या.
उचलला, टेकला. उचलला,
थोडा थबकला,
टेकला.
मग झोत पुढे गेला आणि तो विझला;
म्हणजे चालतच असणार, फक्त मला दिसत नव्हता.

आमच्याकडे कुणाचं बरं व्हावं असं वाटलं
तर अंगठा मुठीत धरतात.
मी धरला. तोच अंगठा.
बस येऊन गेल्याचा आवाज येईपर्यंत
सोडला नाही.