कलम विसावं

उदगीरहून समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच.
संध्याकाळच्या वर्गात आम्ही अकरा जण,
त्यातले सात पुढं बांधाच्याच केसेस लढणार.
खतीब सर फळ्यावर किनारा काढतात,
रत्नागिरीपाशी खडू मोडतो.

बारा सागरी मैल आपले.
पुढं दोनशेपर्यंत मासळी आपली, तळातलं तेल आपलं,
वरून जाणारं जहाज मात्र ज्याचं त्याचं.
परकी युद्धनौका तिथं तोफा चालवून बघते.
आपण म्हणतो, विचारलं नाहीस.
ती म्हणते, विचारायचं कुठं लिहिलंय?

"वहिवाटीचा रस्ता की, सर,"
मागून नागनाथ गोपछडे,
"जा म्हणावं, पण औत उचलून धर."
सर हसतात. म्हणतात, बरोबर,
फक्त पंचनाम्याला तलाठी मिळत नाही.

मग कलम विसावं:
दुसऱ्याच्या हद्दीतून जाताना पाणबुडीनं
पाण्यावर यावं, झेंडा दाखवावा.

मी ते वहीत दोनदा लिहिलं.

भाऊचा फोन बंद होऊन एकेचाळीस दिवस झाले.
त्याच्या नोकरीत असंच असतं, हे आईला पाठ आहे,
तरी भाकरी थापता थापता ती विचारतेच,
आलं का गं पोरगं वर?

आपल्या पाण्यात, मोकळ्या समुद्रात
कुणी वर यावं असं कलम नाही.
सरांना विचारून खात्री केली,
ते फळा पुसत होते.

घरी आले, चप्पल काढली.
"कायदाच आहे आई," म्हटलं, "वर यावंच लागतं."
कुणाच्या हद्दीत, ते नाही सांगितलं.