बेचाळीस इंच

ऑस्लाच्या गोठ्यात मोजायची काठी आहे,
वडिलांच्या वेळची, आडव्या सरकत्या पट्टीची.
बेचाळीस इंचांवर लाल खूण.
खुणेच्या आत शेटलंड,
खुणेच्या वर नुसतं घोडं.

काळ्या स्कोलीला दोन शिंगरं झाली,
एकाच नराची, एका वर्षाच्या अंतरानं.
थोरलं फेटलरच्या माळावरच राहिलं,
बर्फ पडलं की ओहोटीला खाली उतरून
समुद्रशेवाळ चघळत.
धाकटं सहाव्या महिन्यात बोटीत चढवलं,
दूर दक्षिणेला, कुणा दंतवैद्याच्या मुलीसाठी.
तिथे गुडघाभर क्लोव्हर, रोज ओट्स,
आणि थंडीत अंगावर चक्क झूल.

चार वर्षांत मुलगी मोठी झाली,
घोडं परत आलं.
(मुलीला कुणी काठी लावली नाही.)

मॅग्नीनं खांद्याच्या उंचवट्यावर पट्टी टेकवली.
थोरलं: एकोणचाळीस, केसभर वर.
धाकटं: त्रेचाळीस.
श्वास सोडेपर्यंत थांबून पुन्हा मोजलं.
त्रेचाळीसच.

"रक्तात कुठे भेसळ?"
त्यानं हळूच विचारलं, जणू स्कोली ऐकेल.
ऑस्ला म्हणाली, "भेसळ नाही. जेवण."

तिला आठवत होतं ते ओलं, नुकतं जन्मलेलं धूड:
सगळे पायच पाय,
शिवणयंत्राच्या टेबलासारखं उभं.
पाय आईच्या पोटातूनच जवळजवळ पुरते येतात,
आणि पोटात जागा असते आईएवढीच.
बाकीचं अंग मग वर्षानुवर्षं
पायांना गाठत राहतं,
वाटेत जे पानात पडेल त्यावर.

मॅग्नीनं थोरल्याचं नाव नोंदवहीत चढवलं.
धाकट्याच्या रकान्यात आई तीच, बाप तोच,
आणि पुढे आडवी रेघ.
चहा न पिताच गेला.

डिसेंबरात दोघं किनाऱ्यावर उतरले.
थोरला तोंड खुपसून खात होता.
धाकटा एक खडक सोडून उभा,
लाटेला दचकत,
शेवाळाचा वास घेऊन मान फिरवत.
तिसऱ्या दिवशी त्यानं भावाच्या तोंडातलंच
एक लोंबतं टोक ओढलं.

मार्चमध्ये ऑस्लानं त्याचं खूर उचललं,
मांडीवर घेतलं, चिखल पुसला.
वरच्या कडेला एक नवी वळी उमटली होती,
खोल, बोटाला लागणारी.
तिच्याखाली अजून शिल्लक
दक्षिणेतलं गुळगुळीत खूर,
कानशीखाली दर महिन्याला थोडं थोडं
झिजत जाणारं.