शंभरात पाच

उद्यमबागच्या मागल्या शेडात
भरमू कोळशाची भुकटी कालवतो.
शंभर किलोत पाच किलो काजूची टरफलं,
खानापूरहून पोत्यांनी आलेली,
ज्यांच्या तेलानं सोलणाऱ्या बायकांची बोटं जळतात.

"दहा घालू या की?"
"नको गं. दहाला कोक भुसभुशीत होतो बघ."

अठरा तास भट्टी बंद.
मग थंड ढेकळं सहा फुटांवरनं
लोखंडी पत्र्यावर सोडायची,
चारदा,
आणि चाळणीवर उरलेलं तोलायचं.

निंगव्वा वहीत आकडे कानडीत मांडते,
बेरीज मी मराठीत पुटपुटते,
हातचा कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं.

आज एक ढेकूळ फुटलंच नाही.
भरमूनं कानाशी धरून टिचकी मारली.
काशाच्या वाटीसारखं वाजलं.

टरफलं कुठं गेली, त्यानं हुंगून पाहिलं.